एल्कची पहिली शिकार, तयारी आणि सॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी, सह्याद्रीत भरपूर भटकलेली आणि आता कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला निघालेली मराठी मंडळी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. गाडीरस्ता सोडून, मुक्कामाचं सामान पाठीवर घेऊन केलेली शिकार डोळ्यांसमोर ठेवली आहे. उत्तरं मुख्यतः रायफल हंगामासाठी आहेत.

तयारीला सुरुवात कुठून करायची? रायफल, सॅक की बूट?

मांसापासून. बाकी सगळं त्यानंतर.

मोठ्या नराचं जिवंत वजन ३०० किलोच्या पुढे जातं. हाडं काढली तरी ८० ते ११० किलो मांस हातात येतं. चढउताराच्या वाटेवर धडधाकट माणूस एका खेपेला २५ ते ३० किलो उचलतो, म्हणजे चार खेपा. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर चार वेळा भरलेल्या सॅकने खाली आणि तीन वेळा रिकाम्या सॅकने वर, एकूण ३५ किलोमीटर. तेही दहा हजार फुटांवर, कदाचित बर्फात, आणि मुक्कामाचं सामान यात धरलेलंच नाही. दोघं असाल तर प्रत्येकी १५ किलोमीटर.

हा हिशोब कागदावर मांडला की किती आत शिरायचं, किती जण हवेत, कुठली सॅक घ्यायची, हे प्रश्न आपोआप सुटतात. पहिल्या वर्षी गाडीपासून तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. त्याहून आत जायचंच असेल तर घोड्या-खेचरांवरून मांस खाली आणून देणारे परवानाधारक व्यावसायिक असतात, त्यांच्याशी हंगामाआधी बोलून ठेवा. जनावर पाडल्यावर फोन फिरवत बसलात तर ऐन हंगामात कोणी मोकळं सापडेलच असं नाही, आणि तोवर मांस खराब होत असतं.

भारतात शिकारीला बंदी आहे. मग इथे ही कायदेशीर कशी, आणि करावी का?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि आपल्याकडची परिस्थिती पाहता ते योग्यच झालं. आपल्याकडे एल्कचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगुल. दाचीगामच्या जंगलात त्याची संख्या आता शेकड्यांत मोजावी लागते.

कोलोरॅडोतही १९१०च्या सुमारास एल्क जवळजवळ संपले होते. बेसुमार, विकण्यासाठी केलेली शिकार हे मोठं कारण. मग वायोमिंगमधून कळप आणून सोडले, हंगाम आणि संख्या बांधून दिली. आज राज्यात सुमारे २ लाख ८० हजार एल्क आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त. परवान्याची फी वन्यजीव खात्याकडे जाते. शिवाय १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या मारायच्या, हे खातं कळपांच्या मोजणीवरून दरवर्षी ठरवतं.

करावी का, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. माझं मत सरळ आहे: मांस खात असाल आणि जनावर स्वतः मारून, सोलून, वाहून आणायची तयारी असेल, तर यात लाजण्यासारखं काही नाही. नुसत्या शिंगांसाठी जाणार असाल तर जाऊ नका.

मी एच-१बी वर आहे. मला रायफल बाळगता येते का?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे आले, केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. परवाना आधी, रायफलला हात नंतर. परवान्याची मुदत संपली आणि रायफल घरातच राहिली, तर तेव्हाही तुम्ही अडचणीत आहात. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही.

आणखी एक. कोलोरॅडोत गांजा राज्याच्या कायद्याने चालतो, केंद्राच्या कायद्याने नाही. गांजा घेणाऱ्याने बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि व्हिसावरच्या माणसाला तो फार महागात पडू शकतो. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. धनुष्यबाणाला हा बंदुकीचा कायदा लागू होत नाही, म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात.

परवाना कसा मिळतो?

१ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो हिवाळ्यातच उरका. त्यानंतर दोन मार्ग. एक सोडतीचा, ज्याचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. दुसरा थेट विकत मिळणाऱ्या परवान्यांचा. चार रायफल हंगामांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्यातले नराचे परवाने बऱ्याच युनिटांमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेल्या भागांमध्ये, असे मिळत आले आहेत. परराज्यातल्यांसाठी धनुष्यबाणाचे थेट परवाने २०२५पासून राज्याच्या पश्चिम भागात बंद झाले, त्यांना आता सोडतीतच यावं लागतं. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे 'कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ'ची त्या वर्षीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.

माझा सल्ला: पहिल्या वर्षी जमल्यास मादीचा परवाना घ्या. बऱ्याच युनिटांमध्ये नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात, धाप लागलेली असताना ती मोजणं नवख्याला जड जातं.

कुठे जायचं? कोणाच्या जमिनीवर चालतं?

नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएम या केंद्रीय जमीन खात्याच्या सार्वजनिक जमिनीवर. फ्लॅट टॉप्स या पठाराच्या आसपासचा व्हाइट रिव्हर कळप जगातल्या सर्वांत मोठ्या एल्क कळपांत धरला जातो, त्यामुळे तिकडे गर्दीही असते. दक्षिणेकडे सान हुआनच्या रांगा अधिक खड्या आणि एकाकी आहेत. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये रस्त्याकडेला कळपच्या कळप दिसतात, पण तिथे शिकार करता येत नाही.

कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण नसलं, पाटी नसली, तरी मालकाच्या परवानगीशिवाय तिथे शिकार करणं गुन्हा आहे. हद्दी दाखवणारं ॲप घ्या आणि नकाशे घरूनच उतरवून घ्या, वर रेंज नसते. ज्या भागाला विल्डरनेसचा, म्हणजे कायद्याने अस्पर्श राखलेल्या रानाचा, दर्जा आहे, तिथे चाकाचं काहीच चालत नाही. मांस ओढायची दोन चाकी गाडीसुद्धा नाही.

मी नियमित ट्रेक करतो. वेगळी तयारी लागेल का?

लागेल. डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे, आणि एल्क ऑक्टोबरमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर सापडतात. टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येत असाल तर हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचा, पहिली रात्र डेन्व्हरच्या पातळीवर काढा, मग वर चढा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर थांबा. वाढली तर उतरा. आधी त्रास झाला असेल तर डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला.

व्यायाम तीन-चार महिने आधीपासून हवा, आणि तो वजन घेऊन उतरण्याचा. आपण ट्रेकर लोक चढण्याचा सराव करतो. एल्कचं मांस मात्र बहुतेक वेळा उतारावरूनच आणायचं असतं. गुडघे आणि मांड्या तिथे बोलायला लागतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, दहा किलोपासून सुरुवात करा, पंचवीसपर्यंत न्या. टेकडी नसेल तर पार्किंगच्या इमारतीचे जिने चालतील. बूट याच सरावात पायाला बसवा. टाचेला फोड आला तर शिकार दुसऱ्या दिवशीच संपते.

कुठली रायफल? किती लांबून नेम धरायचा?

.२७०, .३०८, .३०-०६, यांतली हाताला बसलेली कुठलीही. मोठ्या मॅग्नमचा (जादा जोराच्या काडतुसाच्या रायफलचा) धक्का सोसत नसेल तर ती घेऊ नका. धक्क्याला घाबरणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. गोळी चांगली, आत शिरणारी घ्या आणि सराव त्याच गोळीने करा.

रेंजवरच्या बाकाला टेकून मारलेल्या गोळ्यांवरून स्वतःला जोखू नका. बसून, गुडघ्यावर, सॅकवर रायफल टेकवून, जिना पळत चढून धाप लागलेली असताना नेम धरा. अशा अवस्थेत दहापैकी दहा वेळा जेवणाच्या ताटाएवढ्या खुणेवर गोळी बसेल, ते तुमचं अंतर. बहुतेक नवख्यांसाठी ते २०० यार्डांच्या आत असतं. त्यापुढचं जनावर जाऊ द्या. जखमी होऊन दरीत मरायला गेलेलं एल्क, यासारखं वाईट या छंदात काही नाही.

सॅकमध्ये नेमकं काय काय भरायचं?

पाच दिवसांसाठी पाणी धरून, रायफल सोडून, २० किलोच्या आत बसलं पाहिजे. नेहमीची ट्रेकिंगची सॅक ३० किलोला वाकते आणि सगळा भार खांद्यावर येतो. ताठ फ्रेम असलेली, फ्रेम आणि पिशवीच्या मध्ये मांस बांधता येईल अशी सॅक लागते. नवी महाग असते, पहिल्या वर्षी भाड्याने किंवा वापरलेली घ्या.

सर्वांत आधी मांसाचं सामान भरा, कारण तेच शेवटी राहून जातं. हवा खेळती राहील अशा कापडी पिशव्या पाच: चार फऱ्यांना, म्हणजे चार पायांच्या मोठ्या तुकड्यांना चार, पाचवी सुट्या मांसाला. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, उष्णता आत कोंडते आणि मांस आंबतं. पातं बदलता येणारी सुरी, जादा पाती, रबरी हातमोजे, पंधरा मीटर दोरी, आणि परवान्याचा टॅग (चिठ्ठी) मारलेल्या जनावराला बांधायला दोन-तीन प्लास्टिकचे बंद. हेडलॅम्प दोन. एक नाही, दोन. अंधारात, रक्ताने निसरड्या झालेल्या हातांनी सुरी चालवताना दिवा गेला तर काय होईल, याचा विचार करा. त्याच कारणासाठी प्रथमोपचाराच्या डब्यात टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) ठेवा आणि तो बांधायला शिकून घ्या.

झोपायला उणे १० ते उणे १८ अंश सेल्सिअसची स्लीपिंग बॅग, रात्री किती थंडीच्या आहेत ते बघून. त्याखाली आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याचं माप, पाचच्या आसपास असलेली मॅट. मॅटवर पैसे वाचवायला जाऊ नका, थंडी खालूनच चढते. टेंट वाऱ्या-बर्फाला टिकेल असा.

पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतल्या बारीक नळ्यांमधलं पाणी गोठलं की त्या फुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि तुम्ही गढूळ झऱ्याचं पाणी फिल्टर केलंय असं समजून पीत राहता. स्टोव्हचा गॅसचा डबा, फोन, बॅटऱ्या हेही आतच. गारठलेला गॅस सकाळी नीट पेटत नाही.

दुर्बीण ८x४२ किंवा १०x४२, छातीवर अडकवलेली. शिकारीचा बराचसा वेळ तिच्यातूनच बघण्यात जातो, म्हणून बसायला फोमचा एक तुकडा जरूर घ्या, ओल्या दगडावर दोन तास बसणं त्याशिवाय जमत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, कागदी नकाशा, होकायंत्र, लायटर दोन ठिकाणी, ट्रेकिंगच्या काठ्या.

घरी ठेवायचं सामान: कोयता, कुऱ्हाड, खुर्ची, जीन्स, कपड्यांचा तिसरा जोड, काडतुसांचा दुसरा डबा.

कपडे कसे असावेत?

सुती काहीच नको, बनियनसुद्धा. सुती कपडा घामाने भिजला की थंडीत जिवावर बेततं. अंगाला मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायला पफर जॅकेट, वरून पाऊस-बर्फाचं. चढताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवा.

रायफल हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तशीच टोपी कायद्याने सक्तीची आहे. रंग सलग हवा, कॅमोफ्लाज नक्षीचा नारिंगी चालत नाही. एल्कला हा रंग माणसासारखा भडक दिसत नाही, तेव्हा काळजी नको. आणि सॅक पाठीवर असताना जॅकेट झाकलं जातं, म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांधा. शिंगं पाठीवर बांधून जंगलातून चालताना तर नक्कीच.

खायला काय न्यायचं? आपलं जेवण चालेल?

उत्तम चालतं, थोडा विचार केला तर. दिवसाला ३००० ते ४००० कॅलरी लागतात आणि वजन मात्र पाऊण-एक किलोच्या आत ठेवायचं. शेंगदाण्यात ग्रॅमला साडेपाचच्या वर कॅलरी असतात, त्यामुळे शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि सुकं खोबरं यांना तोड नाही. तुपातली दशमी दोन-तीन दिवस सहज टिकते. भाजक्या पोह्यांचा चिवडा, तिळाची चटणी, मेतकूट बरोबर असू द्या. थंडीत चॉकलेटचे बार दगडासारखे होतात, लाडू होत नाही.

दहा हजार फुटांवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. साधी डाळ किंवा तांदूळ तिथे शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. घरी शिजवून डिहायड्रेटरमध्ये वाळवलेली खिचडी, नाहीतर गरम पाणी ओतून झाकायचे पोहे-उपमा घ्या. प्रत्येक जेवणाची वेगळी पुडी करा, वर दिवस लिहा.

हिंग-लसणाच्या वासाने एल्क पळतील का, असंही विचारतात. एल्कला माणसाचाच वास इतक्या लांबून येतो की हिंगाने काही बिघडत नाही. बघायचा तो वारा.

वाऱ्याचं इतकं काय असतं?

सगळं काही. एल्कने तुम्हाला पाहिलं तर ते क्षणभर थबकतं. वास आला की कळप थांबत नाही, कित्येकदा डोंगर ओलांडून जातो. डोंगरात पहाटे गार हवा दरीकडे उतरते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा उतरते. म्हणून सकाळी खालून वर जा आणि ऊन चढायच्या आत कळपाच्या वरच्या अंगाला पोहोचा. बारीक पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, दर थोड्या वेळाने एक फुंकर सोडा आणि ती कुठे जाते ते पाहा. वारा तुमच्याकडून कळपाकडे वळला तर मागे फिरा, कितीही जवळ असलात तरी.

गोळी लागल्यावर काय करायचं?

उभं असेल तर पुन्हा मारा. एल्क प्राणघातक जखमेनंतरही उभं राहतं. पळालं तर शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं ते लक्षात ठेवा, अर्धा तास थांबा, मग माग काढा.

पडल्यावर आधी टॅग: सही, तारीख, कायद्याप्रमाणे. मग लगेच कामाला लागा. कातडं रजईसारखं ऊब धरून ठेवतं, त्यामुळे गार हवेतही मांस आतून बिघडू शकतं. पोट न फाडता करायची पद्धत नवख्याला सोपी जाते. जनावर कुशीवर घ्या, पाठीच्या कण्यावरून शेपटीपासून मानेपर्यंत चीर द्या, कातडं पोटाकडे सोलत न्या. पुढचा फरा सांध्याने जोडलेलाच नसतो, पाय वर उचलून काखेत सुरी फिरवली की सुटतो. मागच्याला खुब्याचा गोल सांधा शोधावा लागतो. तिथला चिवट बंध कापला की तो सुटतो. कण्यालगतची लांब पट्टी काढा, मग शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतलं मऊ मांस. जनावर उलटवा, दुसऱ्या बाजूला तेच.

नर की मादी हे ओळखता येईल असा अवयव एका फऱ्याला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच राहिला पाहिजे, नियम तसा आहे. हे कापाकापीच्या भरात विसरतं. चारही फरे, पाठीच्या पट्ट्या आणि आतलं मांस मागे टाकणं गुन्हा आहे. पिशव्या सावलीत, उत्तरेच्या अंगाला, खालून वारा लागेल अशा टांगा.

अस्वलं, लांडगे?

कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत, ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलं नाहीत. मांस टेंटपासून किमान शंभर यार्ड दूर आणि उंच टांगा. जेवणही टेंटमध्ये ठेवू नका. परत खेप घ्यायला येताना लांबूनच दुर्बिणीने बघून घ्या आणि आवाज करत जा. लांडगे डिसेंबर २०२३पासून राज्यात पुन्हा सोडले आहेत. त्यांच्यापासून माणसाला भीती जवळजवळ नाही. वायोमिंग किंवा मोंटानात जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे ग्रिझलीचा भाग असेल तर बेअर स्प्रे पट्ट्यालाच हवा.

एकट्याने गेलं तर?

पहिल्या वेळी नको.

हंगाम गणपती-दिवाळीतच येतो. घरचे रागावतात.

खरं आहे. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरभर असतो, रायफलचे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. चार रायफल हंगाम असतात, तेव्हा जानेवारीत पंचांग आणि पुस्तिका शेजारी ठेवा आणि घरच्यांसमोर बसून तारीख निवडा. तिसरा हंगाम अनेकदा दिवाळीनंतर पडतो. थंडी जास्त असते, पण बर्फ पडला की कळप खाली उतरतात आणि बर्फात माग स्पष्ट दिसतो.

काहीच मिळालं नाही तर?

बहुतेकांना मिळत नाही. राज्यभराचा हिशोब साधारण पाच शिकाऱ्यांमागे एक असा आहे, आणि त्यात जुनेजाणते आणि खासगी जमिनीवरचे शिकारीही आले. पुढच्या वर्षी परत त्याच युनिटमध्ये जा. पाणवठे, झोपायच्या जागा, माणसांची गर्दी चुकवून कळप कुठल्या घळीत शिरतात, हे एका वर्षात कळत नाही. दरवर्षी नवा डोंगर शोधणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

मांस घरी आणल्यावर?

सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाची तपासणी करून घ्या, काही युनिटांमध्ये ती सक्तीची असते. हा रोग पहिल्यांदा १९६७मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग आढळलेलं मांस खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. निकाल येईपर्यंत पुड्यांवर जनावराची खूण लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्या राज्यात नेणार असाल तर हाडं काढूनच न्या, मेंदू आणि कणा न्यायला बऱ्याच राज्यांत बंदी आहे.

चरबी फार कमी असल्यामुळे मटणासारखं तासभर रटरटवलं तर पाठीची पट्टी चामड्यासारखी होते. ती तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी भाजून, आतून गुलाबी असतानाच उतरवा, फक्त मीठ-मिरी. रस्सा करायचा असेल तर पायाचं, नळीजवळचं मांस घ्या आणि मंद आचेवर तीन तास द्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण त्याला छान लागतं. खिम्यात थोडी बाहेरची चरबी मिसळावी लागते, नाहीतर कबाब सुटतात.